वाचकांचे प्रश्न : ब्रेक दाबताच गाडी मागून का सरकते?

प्रश्न : फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या रेसगाडी स्पर्धेसाठी बनवलेल्या आमच्या गाडीला यंदा पुढे-मागे विंग बसवले. ताशी 50 किमीला ब्रेक छान लागतात. पण 100 वरून जोरात दाबले की मागची चाकं लॉक होऊन (फिरायची थांबून) गाडी आडवी होते. डाउनफोर्समुळे, म्हणजे हवेनं गाडी खाली दाबल्यामुळे, पकड वाढायला हवी ना?
– विद्यार्थी संघ, पुणे

उत्तर : पकड वाढलीच आहे, पण पुढे जास्त. ब्रेक दाबताच नाक दबतं, फ्रंट विंग जमिनीजवळ जाऊन त्याचा डाउनफोर्स वाढतो. मागची बाजू उचलल्यानं डिफ्यूझरचा, म्हणजे गाडीच्या तळाशी मागे वर चढत जाणाऱ्या भागाचा, डाउनफोर्स घटतो.

हिशेब मांडून पाहा. ड्रायव्हरसह वजन 300 किलो, त्यातलं 52 टक्के मागे. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 1.55 मीटर, गुरुत्वमध्य 0.30 मीटर उंच, टायरचा घर्षणांक 1.5, ताशी 100 ला डाउनफोर्स 60 किलो. पूर्ण ब्रेकला सुमारे 105 किलो भार पुढे सरकतो. डाउनफोर्सचा पुढचा वाटा 45 टक्के असेल, तर मागची चाकं 127 किलोचं ब्रेकिंग पेलतात. वाटा 55 टक्के झाला की 118 किलोच. बायस, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकमधली जोराची वाटणी, 77:23 असेल तर त्यांच्या वाट्याला 124 येतात, म्हणून ती आधी लॉक होतात. ताशी 50 ला डाउनफोर्स फक्त 15 किलो. तिथे कमतरता दीड-दोन किलोंची, ती जाणवत नाही.

बायस पुढे फिरवून दोष झाकू नका. कमी वेगात पुढची चाकं लॉक होतील. पुढच्या डँपरच्या (शॉक ॲब्सॉर्बरच्या) दांड्याला केबल टाय घट्ट बांधा आणि 100 वरून एकदा ब्रेक मारा. टाय किती सरकला त्यावरून नाक किती दबलं ते मोजता येईल. मग पुढच्या स्प्रिंग कडक करा, किंवा फ्रंट विंग 5 ते 10 मिमी वर घ्या. एका वेळी एकच बदल. विंगचे ब्रॅकेट हातानं दाबून पाहा. ते वाकत असतील तर बाकी मोजमाप व्यर्थ.

मागची विंग नीट काम करते का तेही पाहा : रिअर विंगला खालून लोकरीचे धागे चिकटवून व्हिडिओ काढा. धागे फडफडले तर तिथे हवा पृष्ठभागापासून सुटते आहे. 1969 मध्ये ऑस्ट्रियातल्या त्सेल्टवेगच्या चाचणीत पोर्शे 917 या रेसगाडीच्या अंगावर चिरडलेले किडे होते, मागच्या स्पॉयलरवर मात्र नव्हते. हवा तिथे पोचतच नव्हती. ॲल्युमिनियमचा पत्रा लावून शेपटी उंच केल्यावर ती गाडी स्थिर झाली.

धागे सरळ राहिले, तरच मागच्या फ्लॅपला 10 मिमीची गर्नी पट्टी (मागच्या कडेला उभी बसणारी, डाउनफोर्स वाढवणारी पट्टी) लावा.