एमएच३७० विमान खरंच अपहरण करून कुठेतरी उतरवलं असेल का?

नाही. ८ मार्च २०१४ रोजी क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेलं आणि वाटेत बेपत्ता झालेलं मलेशिया एअरलाइन्सचं हे बोइंग ७७७ दिएगो गार्सिया या हिंदी महासागरातल्या अमेरिकी लष्करी तळावर किंवा कझाकस्तानात उतरवलं, असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. पण रडारवरून दिसेनासं झाल्यावरही विमान उपग्रहाला साधारण तासातासाने आपोआप प्रतिसाद देत होतं. शेवटचा संकेत मलेशियाच्या वेळेनुसार सकाळी ८:१९ चा. संकेत पोहोचायला लागलेला वेळ आणि त्याच्या वारंवारितेतला फरक यांवरून मार्ग दक्षिण हिंदी महासागराकडे जातो. पुढे जुलै २०१५ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर पंखाचा एक भाग वाहून आला, तो याच विमानाचा निघाला. टांझानिया आणि मॉरिशसमध्येही तुकडे सापडले. सुखरूप उतरलेल्या विमानाचे पंख असे किनाऱ्याला लागत नाहीत.

खरा प्रश्न आहे तो विमान बीजिंगचा मार्ग सोडून मागे का वळलं याचा. मलेशियाच्या २०१८ च्या अहवालानुसार ते वळण हाताने घेतलेलं असावं, तिऱ्हाइताचा हात नाकारता येत नाही, पण कारण ठरवता येत नाही. वैमानिकावर संशय घेणारे बरेच आहेत. माझ्या मते फ्लाइट रेकॉर्डर, म्हणजे उड्डाणाची नोंद ठेवणारे ब्लॅक बॉक्स, हाती नसताना मेलेल्या माणसाला खुनी ठरवणं अन्यायाचं आहे. आगीची शक्यताही मला पटत नाही, कारण त्यानंतर विमान सहा तासांहून जास्त उडत राहिलं.

विमानात २३९ माणसं होती. त्यांचे नातेवाईक आजही शोध चालू ठेवा म्हणतात, आणि ते रास्तच आहे.