कर्ज फिटलं, पण सिबिलला पटेना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : दुचाकीचं कर्ज २०२२ मध्ये पूर्ण फेडलं. ना हरकत दाखला मिळाला, आरसीवरचा बोजाही उतरवला. आता घरकर्जासाठी गेलो तर सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या ब्युरोच्या, अहवालात तेच कर्ज चालू दिसतं आणि ३,८४० रुपये थकीत. फायनान्स कंपनी म्हणते सिबिलकडे जा. सिबिल म्हणतं, कंपनीने दुरुस्ती मान्य केली नाही. कोणाला धरायचं?

उत्तर : फायनान्स कंपनीला. क्रेडिट इन्फर्मेशन कंपन्यांविषयीच्या (म्हणजे सिबिलसारख्या ब्युरोंविषयीच्या) २००५ च्या कायद्यातलं कलम २१ सांगतं, की दुरुस्तीची मागणी आल्यावर ३० दिवसांत योग्य ती पावलं उचलायची. पण त्याच कलमात अशीही अट आहे, की कर्ज देणाऱ्या संस्थेने दुरुस्ती बरोबर असल्याचं प्रमाणित केल्याशिवाय ब्युरोला नोंद बदलता येत नाही. त्यामुळे सिबिलच्या संकेतस्थळावर तुम्ही हरकत नोंदवता तेव्हा ती फिरून त्याच कंपनीकडे जाते. तिथला कर्मचारी संगणकात खातं उघडतो, त्याला ३,८४० दिसतात आणि ‘नोंद बरोबर आहे’ असं उत्तर जातं. कंपनीच्या खातेवहीत ती रक्कम आहे तोवर हेच होत राहणार.

म्हणून कर्जखात्याचा पहिल्या हप्त्यापासून शेवटपर्यंतचा उतारा मागा. एखादा हप्ता परत गेल्याचा दंड, त्यावरचं व्याज किंवा कधीतरी लावलेला विम्याचा हप्ता, अशा गोष्टींतून या रकमा उरलेल्या असतात. आकडा कुठून आला ते कळलं, की कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला आणि ब्युरोला एकाच दिवशी लिहा. ‘माझा अहवाल चुकीचा आहे’ एवढ्याने काही हलत नाही. खाते क्रमांक, अहवालाचा कंट्रोल नंबर (अहवालावर छापलेला त्याचा क्रमांक), कोणत्या रकान्यात काय छापलंय आणि तिथे काय हवं, असं ओळीओळीने लिहा : थकीत रक्कम शून्य हवी, चालू बाकी शून्य हवी, खातं बंद झाल्याची तारीख अमुक हवी. सोबत ना हरकत दाखला आणि शेवटची रक्कम वळती झाल्याची पासबुकातली नोंद जोडा.

कटकट मिटावी म्हणून ३,८४० रुपये भरून टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती. भरल्यावर खातं बंद होईल, पण आजच्या तारखेने. मधल्या महिन्यांची थकबाकी खरी होती असं तुम्हीच मान्य केल्यासारखं होईल आणि ते उशिराचे महिने अहवालात तसेच राहतील.

शिवाय, सिबिल हा एकटाच ब्युरो नाही. एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क यांच्याकडेही तुमची नोंद असते. रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे २०१७ पासून या चौघांनाही वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यावा लागतो. चारही मागवा. एका ठिकाणी दुरुस्त झालेली नोंद दुसरीकडे तशीच राहिलेली असू शकते आणि तुमची नवी बँक नेमका कोणता अहवाल पाहील ते तुमच्या हातात नाही.

प्रश्न : माझ्या घरकर्जाचे दोन हप्ते उशिरा भरल्याचं दाखवलंय. खात्यात पैसे होते, कापून घेतले नाहीत ते त्यांनीच. ही चूक कशी सिद्ध करू?

उत्तर : अहवालात प्रत्येक कर्जाखाली महिन्यांची चौकट असते, सिबिलमध्ये ती ३६ महिन्यांपर्यंतची. त्यात ००० म्हणजे वेळेवर. तीन फुल्यांसारखी अक्षरं असतील तर त्या महिन्याची माहितीच आलेली नाही. इतर आकडा असेल तर तितके दिवस उशीर. तुमच्या दोन महिन्यांचे आकडे पाहा आणि त्या महिन्यांचं बचत खात्याचं विवरणपत्र शेजारी ठेवा.

आता दोन प्रश्न दोघांना लेखी विचारा. कर्जदात्याला : हप्ता वसुलीसाठी माझ्या बँकेकडे कोणत्या तारखेला पाठवला? तुमच्या बँकेला : अशी मागणी आली होती का, परत केली असेल तर कारण काय? मागणी गेलीच नसेल किंवा ऑटो-डेबिटची मंजुरी त्यांच्याकडून नोंदवायची राहिली असेल, तर उशीर तुमचा नाही. हे उत्तर कागदावर आलं की वाद जवळपास मिटला. मात्र हप्त्याच्या दिवशी सकाळी शिल्लक कमी होती आणि पगार दुपारी जमा झाला, असं निघालं तर नोंद खरी आहे. तिच्याशी भांडण्यात वेळ घालवू नका.

प्रश्न : २०२१ मध्ये नोकरी गेली तेव्हा क्रेडिट कार्डाची थकबाकी तडजोडीने मिटवली. अहवालात ‘सेटल्ड’ आहे. एक एजंट आठ हजारांत ते काढून देतो म्हणतो.

उत्तर : देऊ नका. ती नोंद खरी आहे आणि खरी नोंद पुसण्याचा अधिकार कोणत्याही एजंटकडे नसतो. तो फार तर तुमच्या नावाने तीच ऑनलाइन हरकत नोंदवेल, जी तुम्ही घरबसल्या फुकट नोंदवू शकता. वर तुमचा पॅन क्रमांक आणि ओटीपी त्याच्या हाती जाईल.

वाईट काळात तडजोड करावी लागली, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पुढे करता येईल ते असं : बँकेने किती रक्कम सोडली ते विचारा. ती आता भरली तर खातं ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडून बंद) म्हणून कळवणार का, हे आधी लेखी घ्या, मग पैसे भरा. एक तपासणी मात्र आजच करा. सेटलमेंटची रक्कम पूर्ण भरूनही थकीत बाकी दिसत असेल, तर ती चूक आहे आणि तिच्यावर हरकत घेता येते.

प्रश्न : मी कधीही न घेतलेलं वैयक्तिक कर्ज माझ्या नावावर आहे!

उत्तर : अहवालातले पत्ते, मोबाइल क्रमांक आणि जन्मतारीख पाहा. अनोळखी पण खऱ्या वाटणाऱ्या पत्त्यांसोबत इतरही परकी खाती दिसत असतील, तर नामसाधर्म्यामुळे दोघांच्या नोंदी मिसळल्याची शक्यता असते. हे प्रकरण तुलनेने सोपं आहे.

फक्त तुमचा पॅन वापरून कर्ज उचललेलं दिसत असेल, तर ही फसवणूक आहे. १९३० या क्रमांकावर आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करा, तिची प्रत कर्जदात्याला पाठवा आणि त्याच्याकडून तीन गोष्टी मागा : अर्ज, केवायसीची कागदपत्रं, आणि रक्कम ज्या बँक खात्यात जमा झाली त्याचा तपशील. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. पैसे तुमच्या खात्यात आलेच नाहीत, हे तिथे उघड होतं. वसुलीवाल्यांचे कितीही फोन आले तरी एकही हप्ता भरू नका. तो कर्ज मान्य असल्याचा पुरावा म्हणून पुढे केला जाऊ शकतो.

प्रश्न : भावाच्या कर्जाला जामीन राहिले, ते माझ्या अहवालात का? आणि स्वतःचा अहवाल पाहिला की स्कोअर घटतो का?

उत्तर : जामीनदाराचीही जबाबदारी असते, म्हणून ते दिसतं, ही चूक नाही. स्वतःचा अहवाल पाहिल्याने स्कोअर घटत नाही.

प्रश्न : दुरुस्तीला उशीर झाला तर रोज १०० रुपये मिळतात म्हणे. कसे?

उत्तर : रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने हा हक्क दिला आणि तो एप्रिल २०२४ पासून लागू झाला. तक्रार कर्ज देणाऱ्या कंपनीकडे करा किंवा ब्युरोकडे, त्या दिवसापासून ३० दिवस मोजायचे; त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये. त्यातल्या २१ दिवसांत कंपनीने दुरुस्त माहिती ब्युरोला पाठवायची. ती तिने रखडवली तर भरपाई कंपनी देते. तिने वेळेत पाठवूनही ब्युरो अडून राहिला तर ब्युरो. तक्रार मिटल्यावर पाच कामकाजी दिवसांत पैसे खात्यात यायला हवेत. नुसता ‘माझा स्कोअर कमी का’ हा वाद मात्र यात बसत नाही.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तिच्या तक्रार पोर्टलवर विनाशुल्क जाता येतं. सप्टेंबर २०२२ पासून ब्युरोही त्याच्या कक्षेत आले आहेत. तेच प्रकरण आधी न्यायालयात नेलं असेल, तर हा मार्ग बंद होतो. आणि पहिल्याच तक्रारीत स्वतःचा बँक खाते क्रमांक किंवा यूपीआय आयडी बिनचूक लिहा. भरपाई त्यावरच जमा होते आणि तो बरोबर देण्याची जबाबदारी परिपत्रकाने तक्रारदारावर ठेवली आहे.