वाचकांचे प्रश्न : क्षारपड जमिनीत आर्टेमिया परवडेल का?

प्रश्न : कृष्णाकाठची आमची दहा गुंठे जमीन उसाला पाणी देऊन देऊन क्षारपड झाली आहे. कोळंबीच्या पिल्लांना खाऊ घालतात त्या आर्टेमिया नावाच्या इवल्या जलजीवाला खारे पाणी लागते आणि त्याच्या अंड्यांना चांगला भाव मिळतो, असे वाचनात आले. तळे खोदून हा व्यवसाय करावा का?
– एक वाचक, वाळवा, जि. सांगली

उत्तर : आपली जमीन उसाच्या दृष्टीने खारी असली, तरी आर्टेमियाच्या दृष्टीने ती गोडीच म्हणावी लागेल. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आर्टेमियाची शेती मात्र ८० ते १०० ग्रॅमच्या पुढेच निर्धोक होते, कारण माशांपासून बचावाचे कोणतेही साधन नसलेला हा जीव, मासे जगू शकत नाहीत अशाच पाण्यात टिकून राहतो. दहा गुंठ्यांत अर्धा मीटर पाणी साठवले तर ते सुमारे ५०० घनमीटर भरते आणि त्याला लिटरमागे १०० ग्रॅमचा खारेपणा आणण्यासाठी ५० टन मीठ लागते. ते कोकणातून घाट चढवून आणण्याचा खर्च बाजूला ठेवला, तरी पाझराने शेजाऱ्याची विहीर खारी झाल्यावर काय होईल, ते आपणास सांगायला नको.

मिठागरात हा धंदा जमतो, याचे कारण त्याचा मोठा खर्च मिठाच्या खाती आधीच पडलेला असतो. बांध, पाणी ओढण्याची सोय आणि उन्हाने आटत जाणारे समुद्राचे पाणी तयारच असते, आणि मीठ धरण्यापूर्वीच्या मधल्या खणांत आर्टेमिया वाढतो. शिवाय तो पाण्यातले शेवाळ खात असल्याने पाणी नितळ राहून मीठही स्वच्छ निघते. व्हिएतनाममधील विन्ह चाऊच्या आगरांत १९८० च्या दशकापासून कोरड्या हंगामात हे जोडउत्पादन घेतले जाते. अंडी पाण्यावर तरंगत वाऱ्याने खणाच्या एका कडेला तपकिरी सायीसारखी जमतात आणि ती जाळीने काढतात. पाऊस पडला की खारेपणा उतरतो आणि हंगाम संपतो.

भावाचे गणितही सरळ नाही. अमेरिकेतील ग्रेट सॉल्ट लेकचा हंगाम कसा गेला, यावर जगाचा बाजार हलतो आणि माल वजनाइतकाच उबवणीच्या टक्केवारीवर विकला जातो. त्यामुळे वाळवण बिघडली किंवा अंड्यांना दमट हवा लागली, तर चांगल्या पिकाचेही मोल उतरते.

आपणास या विषयात रस असेलच, तर उत्पादनाऐवजी उबवणीपासून सुरुवात करावी. लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम मीठ, एक ग्रॅम अंडी, खालून सतत हवा, वर उजेड आणि २८ अंशांच्या आसपास तापमान एवढ्यावर साधारण २४ तासांत केशरी पिल्ले निघतात. मत्स्यालयांची दुकाने ती माशांच्या पिल्लांसाठी घेतात का, ते आधी सांगली-मिरजेत विचारून पाहावे. जमिनीसाठी मात्र निचऱ्याची चर खोदणे आणि उसाचे पाणी तोडणे, हा जुनाच उपाय करावा.