10 मीटर एअर रायफलसाठी पेलेट (शिशाचे छर्रे) 4.49, 4.50 की 4.51 मिमी व्यासाचे घ्यावेत?

डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नका, तुमच्या बॅरलला कोणता मानवतो ते रायफल व्हाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या शिकंजात) पकडून तपासा. ठाणे शहरात आम्ही नव्या रायफलला हेच करतो: प्रत्येक मापाचे दहा पेलेट, एकाच कागदावर, रायफल जराही न हलवता. दहाही मिळून जेमतेम एका पेलेटएवढं गोल भोक पडलं तर तो डबा आपला. कडेला एखादं सुटं निघालं, तर पुढचा. (खांद्यावरून मारून पाहिलंत तर परीक्षा तुमची होते, पेलेटची नाही.) लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघा 0.5 मिमीचा असतो, म्हणून एवढा खटाटोप. मात्र निकाल त्या बॅचपुरताच. त्याच मापाची दुसरी बॅच वेगळी वागते, तेव्हा जमलेल्या बॅचचे चार-पाच डबे एकदमच उचला आणि पावसाळ्यात घट्ट बंद ठेवा, इथल्या दमट हवेत शिशावर पांढरी पूड धरते.