‘पियानो’ शब्दाचा मूळ अर्थ काय? वाद्याला हे नाव का पडलं?

इटालियनमध्ये ‘पियानो’ म्हणजे हळू, हळू आवाजात. हे मी आठवीत असताना एका परीक्षकांना कोणीतरी सांगायला हवं होतं.

पियानोवादनाची आंतरशालेय स्पर्धा होती. माझ्या तुकड्याच्या शेवटच्या दोन ओळींवर ‘पीपी’ छापलेलं, म्हणजे पियानिस्सिमो, अगदी हळू. बाईंनी त्याभोवती लाल पेन्सिलीने गोल केला होता. दोन महिने मी त्या दोनच ओळी घोटल्या. पट्टी तळापर्यंत न्यायची, पण हातोडी तारेला जेमतेम शिवली पाहिजे. बोट जरा कमी पडलं की स्वर उमटतच नाही, जरा जास्त पडलं की तो एकटाच वर येतो. स्पर्धेत ते जमलं, आणि परीक्षक म्हणाले, “शेवटी हातातला जोर संपला. पियानो कसा दणदणीत वाजायला हवा!” परतताना लोकलमध्ये बाबाही तेच म्हणाले, “मागच्या रांगेपर्यंत पोचलंच नाही गं.” मी कागदावरचा लाल गोल दाखवला, तो त्यांनी बघितलासुद्धा नाही.

पियानोच्या आधी युरोपात हार्प्सिकॉर्ड वाजायचा. त्यात पट्टी दाबली की पिसाची नखी तार छेडते. बोट हलकं टाका नाहीतर आपटा, आवाज जवळजवळ तेवढाच. आपल्या पेटीला निदान भाता तरी असतो. इटलीत फ्लॉरेन्सला मेदिची या राजघराण्याच्या पदरी असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या वाद्यकारागिराने नखी काढून हातोडी बसवली आणि आवाज बोटाच्या ताब्यात आला. मेदिचींच्या १७०० सालच्या वाद्यांच्या यादीत या नव्या वाद्याची ओळखच ‘हळू आणि जोरात वाजणारं’ अशी आहे. १७११ मध्ये शिपिओने माफेई या इटालियन लेखकाने त्यावर लेख लिहिला, त्यात नाव आहे ‘ग्राव्हेचेंबालो कोल पियानो ए फोर्ते’, म्हणजे हळू आणि जोरात (फोर्ते) वाजणारा हार्प्सिकॉर्ड. एवढं लांबलचक कोण म्हणणार? त्याचं पियानोफोर्ते झालं, मग नुसतं पियानो. जोर गळून गेला, हळू राहिलं.

शब्द लॅटिन ‘प्लानुस’वरून आला, म्हणजे सपाट. म्हणून इटालियनमध्ये सपाट आणि इमारतीचा मजला या दोन्हींनाही पियानो म्हणतात. ‘पियानो पियानो’ म्हणजे हळूहळू.

मूल पियानो शिकत असेल तर आधी त्याला हळू वाजवता येतंय का ते बघा. जोरात कोणालाही वाजवता येतं. अर्थात मूळ नावात ‘फोर्ते’ही होतं, रशियनमध्ये तर आजही फोर्तेपियानो म्हणतात, तेव्हा जोरात वाजवूच नये असं माझं म्हणणं नाही. पण जिथे ‘पीपी’ लिहिलंय तिथे नाही म्हणजे नाही.

बाबा माझी उत्तरं वाचतात. बाबा, तो कागद अजून आहे माझ्याकडे. पुढच्या वेळी याल तेव्हा त्या दोन ओळी वाजवते, शेजारी बसून ऐका.