भारत फोर्ज जगभरच्या ट्रकांपर्यंत कशी पोचली?

परदेशी कंपन्या विकत घेऊन की स्वस्त मजुरीच्या जोरावर, असं तुम्ही विचारलंय. मी पुण्यात फोर्जिंगच्याच, म्हणजे तापलेलं पोलाद ठोकून-दाबून भाग घडवायच्या धंद्यात होतो, त्या कंपनीत नव्हे. माझ्या मते दोन्ही नाही. आधी प्रेस (पोलाद दाबून घडवणारं यंत्र) आली, बाकीचं तिच्या मागून.

नीलकंठराव कल्याणींनी १९६१ साली कंपनी काढली, कारखाना मुंढव्याला. तेव्हाचं फोर्जिंग म्हणजे हॅमर शॉप. साधारण १२०० अंशांना तापलेलं बिलेट (पोलादाचा ठोकळा) चिमट्यानं डायवर, म्हणजे साच्यावर धरायचं आणि वरून ठोके. किती ठोके, कधी पलटवायचं, हे हॅमरवाल्याच्या हातात. कारागीर कितीही पक्का असो, दिवसपाळीचा क्रँकशाफ्ट (इंजिनातला मुख्य फिरता दांडा) आणि रातपाळीचा यांत फरक पडायचाच. आपल्या ट्रकांना ते चालून जाई. युरोप-अमेरिकेतल्या इंजिनवाल्यांना मात्र दहा हजारावा नगही पहिल्यासारखाच हवा असतो.

१९९० च्या आसपास नीलकंठरावांचे चिरंजीव बाबा कल्याणींनी जर्मनीहून १६,००० टन दाबाची स्वयंचलित प्रेस लाइन आणली. कंपनीच्या तेव्हाच्या आवाक्याबाहेरची वाटावी अशी ती उडी होती. मशीनवर अंगमेहनतीच्या कामगारांऐवजी शिकलेले इंजिनिअर उभे राहिले. इथंच स्वस्त मजुरीचा मुद्दा निकाली निघतो. अशा लाइनवर खरा खर्च पोलादाचा आणि भट्टीचा. माणसांचा त्यामानानं थोडा. आपल्याकडे स्वस्त मिळाला तो डाय डिझाइन करणारा इंजिनिअर.

मग खरेदी. २००४ च्या सुमारास जर्मनीतल्या एनेपेटालची सीडीपी ही फोर्जिंग कंपनी, पुढच्या वर्षी स्वीडनमधला कार्ल्सकोगाचा कारखाना. तिथली जुनी यंत्रं मिळावीत म्हणून कुणी एवढे पैसे घालत नाही. फ्रंट अ‍ॅक्सल बीम (ट्रकाच्या पुढच्या चाकांवरचा भार पेलणारा दांडा) तुटला तर माणसं मरतात, त्यामुळे नव्या पुरवठादाराला मंजुरी मिळेपर्यंत नमुने आणि चाचण्या संपता संपत नाहीत. चालू कारखाना घेतला की ग्राहकाशी जुळलेलं नातं आयतं मिळतं. वर एकाच जातीचा भाग दोन देशांत बनवायची सोय होते, ग्राहकही निर्धास्त.

सगळं फळलं असं नाही. चीनमधली एफएडब्ल्यू या वाहन कंपनीबरोबरची भागीदारी टिकली नाही. २००८-०९ मध्ये ट्रकांची मागणी कोसळली, तेव्हा युरोपातले महागडे कारखाने अंगावर आले.

शेअरसाठी विचारत असाल तर एक सांगतो. किती टन माल गेला यावर भाळू नका, त्यातला मशिनिंग करून, म्हणजे कापून-घासून अचूक मापाला आणून किती गेला ते शोधा. कच्च्या फोर्जिंगचा भाव पोलादाच्या भावाला बांधलेला असतो. कमाई आहे ती तयार क्रँकशाफ्टमध्ये.