गावरानची पाटी आणि बॉयलरचे पाय

प्रश्न : डॉक्टर, आम्ही चिंचवडला राहतो. घरात पाच माणसं, चिकन आठवड्यातून दोनदा. कोपऱ्यावरच्या दुकानात बॉयलर २४० रुपये किलो, त्याच दुकानात ‘गावरान’ ४८०. ॲपवर ‘अँटिबायोटिक रेसिड्यू फ्री’ लिहिलेलं पाकीट मिळतं, अर्ध्या किलोला २१०. सासूबाई म्हणतात, बॉयलरला इंजेक्शनं टोचून फुगवतात, गावरानच आणा. मुलगा जिमला जातो, त्याला फक्त प्रोटीनशी मतलब. नवऱ्याचं मत, सगळं एकच, स्वस्त ते घ्या. माझं वेगळंच चाललंय. परवा दुकानातल्या पिंजऱ्यात एक कोंबडी पाय फाकवून बसली होती. उठतच नव्हती, आणि बाकीच्या तिच्या अंगावरून ये-जा करत होत्या. ते काही डोळ्यांपुढून जात नाही. घरात चिकन बंद करणं शक्य नाही. जास्त पैसे मोजले तर त्या कोंबडीचं काही भलं होतं का, की फक्त दुकानदाराचं?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : ताई, आधी सासूबाईंचा मुद्दा घेते, तो लवकर निकालात निघतो. बॉयलरला वाढीचं इंजेक्शन देत नाहीत. पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये एकेक पक्षी धरून टोचत बसलं तर मजुरीतच धंदा बुडेल. लसी देतात, ती गोष्ट निराळी. मॅरेक्सची लस हॅचरीतच, म्हणजे अंडी उबवतात तिथेच, टोचतात, मानमोडीची आठवड्याच्या पिल्लाच्या डोळ्यात थेंब टाकून आणि गंबोरोची पिण्याच्या पाण्यातून. पक्षी फुगतो तो जातीमुळे आणि खाद्यामुळे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने जुन्या-नव्या जातींचे पक्षी एकाच खाद्यावर वाढवून पाहिले होते. २०१४ मध्ये ते निष्कर्ष छापून आले. १९५७ सालचा वाण ५६ दिवसांत ९०५ ग्रॅमचा झाला आणि २००५ सालचा ४ किलो २०२ ग्रॅमचा. खाद्य तेच, दिवस तेवढेच. हे काम सुईचं नाही, पिढ्यान् पिढ्या निवड करत गेलेल्या माणसांचं आहे.

पण सासूबाईंना त्या कोंबडीत काहीतरी खटकतंय, ते उगीच नाही. आपल्याकडे बॉयलर साधारण चाळीस दिवसांत दोन-सव्वादोन किलोची होऊन विक्रीला येते. त्या वयात तिचा आवाज ऐकलाय कधी? पिल्लासारखी चिवचिवते. आहेच ती पिल्लू, वजन तेवढं मोठ्या कोंबडीचं. छाती भराभर भरते, पायांची हाडं आणि सांधे मागे राहतात. तुम्ही पाहिलेली पाय फाकवून बसलेली कोंबडी यातलीच असू शकते. किंवा गाडी भरताना पाय धरून उलटी लटकवली तेव्हा तिचा खुबा निखळला असेल. पिंजऱ्याबाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

त्यातून शेड आणि शेड यात फार फरक असतो. मी पोल्ट्र्यांवर जायचे तेव्हा आधी रजिस्टर मागत नसे. आत जाऊन उकिडवी बसायची. माणूस उभा असतो तेव्हा त्याला वास कमी येतो, पक्ष्याच्या उंचीला नाक नेलं की अमोनियाने डोळे चुरचुरतात की नाही ते लगेच कळतं. मग जमिनीवर अंथरलेलं तूस मूठभर उचलून दाबायचं. मूठ उघडल्यावर भुरभुर सांडलं तर ठीक, ढेकूळ राहिलं तर ओल धरलीय. मग चार-दोन पक्षी उलटे करून तळपाय बघायचे. ओल्या तुसावर चाळीस दिवस उभं राहिलं की तळव्याला काळे खडबडीत डाग पडतात, गुडघ्यावर तपकिरी चट्टे उठतात. चांगल्या शेडमधल्या पक्ष्याचा तळवा स्वच्छ, पिवळसर असतो. चांगलं शेड आणि वाईट शेड, दोन्हींचा माल तुमच्या दुकानात एकाच भावाने येतो. तुमचा खरा पेच इथे आहे. आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, बॉयलर पिल्लांचे आईबाप जन्मभर अर्धपोटी असतात. त्यांना पोटभर खाऊ घातलं तर ते इतके जड होतात की अंडीच धड देत नाहीत, म्हणून मोजून-मापून घालतात. सर्वांत भुकेला पक्षी दुकानात दिसतच नाही.

आता जास्त पैशांचं. बॉयलरचा बराचसा माल कंत्राटी पद्धतीचा. कंपनी पिल्लं, खाद्य, औषध देते. शेतकऱ्याचं शेड, वीज, पाणी आणि घरच्यांची मेहनत. त्याला किलोमागे ठरलेली वाढाई मिळते, मोजून आठ-दहा रुपये, कधी त्याहून कमी. गटारीला तुमच्या दुकानात भाव चढतो आणि श्रावणात आपटतो. त्याच्या वाढाईत त्याने फारसा फरक पडत नाही. तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानात त्याच बॉयलरला वीस रुपये जास्त दिले म्हणून तूस कोरडं होणार नाही. नवऱ्याचं म्हणणं इथवर बरोबर.

मग ४८० चं गावरान? इथे सावध राहा. पाटी रंगवायला काही लागत नाही. फ्रान्समध्ये ‘लाबेल रूज’ या दर्जाच्या शिक्क्याची कोंबडी म्हटली की ती किमान ८१ दिवस वाढवलेलीच असावी लागते. आपल्याकडे दुकानाच्या पाटीला कोणी असला जाब विचारत नाही. त्या पिंजऱ्यात बहुतेक वेळा गिरिराज, वनराज, सोनाली अशा संकरित जाती असतात, नाहीतर कॉकरेल, म्हणजे लेअरच्या, अंड्यांसाठी पाळायच्या कोंबडीच्या, जातीचा नर. यात फसवणूकच आहे असं मी म्हणणार नाही. हे पक्षी हळू वाढतात, पाय मजबूत, चालतात-उडतात, चवही उजवी. बॉयलरपेक्षा त्यांचा जन्म बरा. फक्त ते परसात किडे टिपत वाढले असं समजू नका, बरेचसे शेडमध्येच तयार खाद्यावर वाढतात.

माझा खरा राग आहे तो तिसऱ्या प्रकारावर. अंडी देऊन थकलेली तपकिरी लेअर गावरान म्हणून गळ्यात मारतात. वर्ष-सव्वा वर्ष तिने तारेच्या पिंजऱ्यात काढलेलं असतं. वाट्याला जागा किती, तर टाइपिंगच्या ए-फोर कागदाहून कमी. पंख पसरणं नाही, माती उकरणं नाही. म्हणजे कोंबडीच्या दयेपोटी दुप्पट पैसे दिलेत आणि आणली ती सगळ्यांत जास्त हाल सोसलेली. ओळखायची कशी? चोचीचं टोक कापलेलं असतं. मानेची, छातीची पिसं तारेला घासून झडलेली. नखं लांब, कारण झिजायला जमीनच नाही. साफ करताना पोटात पिवळ्या बलकांचा घोस निघतो. खऱ्या गावरानची चोच शाबूत, नखं उकरून झिजलेली, पिसांना तुकतुकी. आणि पिंजऱ्यातले पंधराही पक्षी एकाच रंगाचे असतील तर ते हॅचरीतून आलेत. गावात एका खुराड्यातून इतक्या सारख्या कोंबड्या निघत नाहीत.

हिशेबही नीट मांडा. २४० हा साफ केलेल्या मांसाचा भाव आहे की जिवंत वजनाचा, हे आधी विचारा. दोन किलोच्या जिवंत बॉयलरचं कातडी काढून साधारण तेराशे ग्रॅम हाती लागतं. म्हणजे जिवंत १४० चा भाव घरी येईतो २१५ होतो. गावरान सहसा जिवंत वजनावर देतात. दीड किलोचा पक्षी ४८० ने ७२० ला पडला आणि मांस निघालं किलोच्या आत-बाहेर, तर खरा भाव सातशेच्या पुढे गेला. त्यात हाडाचा वाटा मोठा, वर कुकरच्या शिट्ट्या जास्त. रश्शाला तोड नाही, हे मात्र कबूल. मुलाला सांगा, प्रोटीन दोन्हींत जवळपास सारखंच, कातडी काढलेल्या छातीच्या मांसात शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमच्या वर. नुसत्या प्रोटीनसाठी गावरान आणणं म्हणजे पैशाची नासाडी.

पाकिटावरचे शब्दही सावकाश वाचा. ‘रेसिड्यू फ्री’ म्हणजे मांसात औषधाचा अंश नाही, एवढंच. औषध दिलंच नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. औषध थांबवून ठरलेले दिवस जाऊ दिले की साध्या बॉयलरमध्येही अंश उरत नाही. घोळ होतो तो मर लागली की. शेतकरी घाबरतो, औषध सुरू करतो आणि नुकसान वाढू नये म्हणून दिवस भरायच्या आत माल काढतो. २०१४ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने त्या भागातले ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्क्यांत अंश सापडला होता. कोलिस्टिन हे माणसासाठी अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं औषध. खाद्यप्राण्यांना ते देण्यावर केंद्राने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली. त्यामुळे पाकिटाला अर्थ नाही असं नाही, पण कोंबडी सुखात होती की नाही याबद्दल ते अवाक्षर काढत नाही. मला विचाराल तर पाकिटाचा फायदा छापलेल्या मजकुरात नाहीच. तो माल प्लांटमध्ये कापला असेल तर त्या पक्ष्याला दुकानाचा पिंजरा चुकतो.

त्या पिंजऱ्याचं तुमच्या हातात काही आहे. शेड तुम्हाला दिसत नाही, दुकान दिसतं. पिंजऱ्यात पाण्याचं भांडं आहे का आणि त्यात पाणी आहे का? उन्हात ठेवलाय का? सगळे पक्षी चोच उघडी टाकून धापा टाकतायत का? वजनाला पंख पिरगळून काट्यावर आदळतो का? मान कापून तडफडत्या पक्ष्याला ड्रममध्ये टाकतो आणि वर लगेच दुसरा टाकतो, की आधीचा शांत होऊ देतो? “गाडी कधी आली?” असं सरळ विचारा. रात्री गाडी आली असेल त्याच सकाळी घेतलेला पक्षी पिंजऱ्यात कमी वेळ राहिलेला असतो. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा कोंबडीलाही लागू आहे. मांसाच्या आणि अंड्यांच्या कोंबड्यांच्या वाहतुकीवर, संगोपनावर विधी आयोगाने २०१७ मध्ये वेगळा अहवालही दिला, क्रमांक २६९. पण दुकानदार अहवालाला भीत नाही. महिन्याला दोन हजारांचं बांधलेलं गिऱ्हाईक “पाणी ठेवत जा, नाहीतर मी पलीकडे जाते” म्हणालं की भांडं येतं. हे मी घडताना पाहिलंय.

आता तुमचं बजेट. आठवड्याला दोनदा, दर वेळी किलो धरलं तर २४० च्या भावाने महिन्याला १९२० रुपये. मी तुमच्या जागी असते तर बॉयलर पाच वेळा आणला असता, नीट दुकानातून, १२०० रुपयांचा. उरलेल्या सातशेत महिन्यातून एकदा खरं गावरान, पाटीवरचं नव्हे, माणसाकडचं. मावळ तुमच्यापासून तासाभरावर आहे. तिथल्या आठवडी बाजारात डालग्यात चार-पाच कोंबड्या घेऊन बसलेल्या बाया असतात, मी त्यांच्यातल्याच एकीकडून घेते. तिथे घासाघीस करू नका. तिथे दिलेला रुपया त्याच परड्यात जातो. उरलेल्या दोन वेळा उसळ करा, सासूबाई हरकत घेणार नाहीत. पाकीट घाईच्या दिवसाला ठीक आहे, रोजच्या स्वयंपाकाला परवडणार नाही.

आणि पाय फाकवून बसलेली कोंबडी पुन्हा दिसली तर दुकानदाराला म्हणा, हिला आधी काप, मी हीच नेते. नुसता पाय गेला असेल तर मांसाला काही होत नाही. मात्र तुरा निळा पडलेला, नाकातोंडातून पाणी गळतंय, मान वाकडी, हिरवी पातळ शीट असं काही दिसलं तर त्या दुकानातून त्या दिवशी काहीच घेऊ नका.

प्रश्न : चिकनच्या पिशवीत तांबडं पाणी साठतं. ते रक्त असतं का? आई तीन-चार वेळा धुते, ते बरोबर आहे का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : रक्त बहुतेक कापतानाच निघून जातं. हे मांसातलंच पाणी, त्यातल्या मायोग्लोबिन नावाच्या प्रोटीनमुळे तांबूस दिसतं. थोडं असणारच. किलोच्या पिशवीत वाटीभर निघालं तर माल एकदा गोठवून सोडवलेला असेल नाहीतर पाण्यात ठेवलेला, आणि मग तुम्ही पाणी मांसाच्या भावाने घेताय. नळाखाली धुण्याने जंतू जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर ओट्यावर, कोथिंबिरीवर, जवळच्या भांड्यांवर उडतात. ते मरतात शिजवल्यावर. आईंना धुतल्याशिवाय चैनच पडत नसेल तर पातेल्यात बुडवून हलक्या हाताने एकदाच धुवा, पाणी सावकाश ओता आणि सिंक लगेच साबणाने घासा. कोशिंबिरीची काकडी त्याच पाटावर चिरू नका.